शुण्डा, नाल आणि गाळणे : ऊर्ध्वपातनाच्या प्राचीनत्वाविषयी शब्दांची साक्ष

१

प्राचीन भारतात मद्याचे ऊर्ध्वपातन होत होते किंवा नाही, हा प्रश्न वरवर पाहता रसायनाच्या इतिहासकाराचा अथवा पुरातत्त्वज्ञाचा आहे. भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने त्यात पडण्याचे कारण एवढेच, की या प्रश्नाचे होकारार्थी उत्तर देणारे लेखक आपल्या पुराव्याचा एक महत्त्वाचा भाग आमच्या शास्त्राकडून उसना घेतात. ‘शुण्डा’ म्हणजे हत्तीची सोंड. मद्य विकणारा तो ‘शौण्डिक’. घरगुती भट्टीच्या मडक्याला वाफ वाहून नेणारी जी वाकडी नळी असते ती सोंडेसारखी दिसते. यास्तव शौण्डिक म्हणजे सोंडवाल्या यंत्राचा धनी, आणि म्हणून हे यंत्र शौण्डिक या शब्दाइतके जुने, अशी ही अनुमानाची साखळी आहे. ती ऐकताच पटते. आणि ऐकताच पटणाऱ्या व्युत्पत्तीविषयी सावध राहावे, हा तर आपल्या विषयाचा पहिला धडा.

हा धडा मी स्वतः विसरलो होतो, हे आरंभीच नमूद केले पाहिजे. एका विद्यार्थ्याच्या प्रबंधिकेत ही व्युत्पत्ती निर्विवाद म्हणून आलेली पाहून मी समासात प्रश्नचिन्ह काढले. तेव्हा त्याने विनयाने सांगितले, की हे विधान त्याने माझ्याच व्याख्यानाच्या टिपणांतून घेतले आहे. प्रस्तुत लेख ही त्या व्याख्यानाची दुरुस्ती होय.

२

प्रथम वस्तूचा विचार करू. आंबवलेल्या द्रवातील मद्यार्क सुमारे ७८ अंश सेल्सियसला उकळतो, पाणी १०० अंशांना. मिश्रण तापविले असता निघणाऱ्या वाफेत मूळ द्रवापेक्षा मद्यार्काचे प्रमाण अधिक असते. ती वाफ थंड करून वेगळी धरली की तीव्र मद्य मिळते. तात्पर्य, घरगुती भट्टीला तीनच गोष्टी हव्यात : तापविण्याचे भांडे, वाफ जेथे थंड होते तो पृष्ठभाग, आणि गोळा होणारे द्रव धरण्याचे पात्र. सांधे मातीने लिंपून घेतले म्हणजे झाले. नळी ही या तिहींत नाही. ती कधी लागते, कधी लागत नाही. हा मुद्दा पुढील विवेचनाचा पाया असल्याने तो येथेच ध्यानात ठेवावा.

नळीवाचून काम कसे चालते याचे स्पष्ट वर्णन सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजल याने आईन-इ-अकबरीत उसाच्या प्रकरणात करून ठेवले आहे. तो अर्क काढण्याच्या तीन रीती सांगतो. पहिलीत पितळी भांड्याच्या आतच एक पेला ठेवतात आणि वर पालथे झाकण मातीने बसवून त्यावर थंड पाणी ओततात. वाफ झाकणाला लागून थिजते आणि पेल्यात ठिबकते. दुसरीत भांड्याच्या तोंडावर मडके बसवून त्याला दोन नळ्या जोडतात, व त्यांच्या टोकांचे घडे थंड पाण्यात ठेवतात. तिसरीत झाकणाखाली पोकळ दांड्याचा मोठा चमचा असतो, व ठिबकणारे द्रव त्या दांड्यातून बाहेरच्या घड्यात उतरते. जोसेफ नीडम यांनी १९८० साली चीनमधील विज्ञानाच्या इतिहासाच्या आपल्या ग्रंथमालेत ऊर्ध्वपातन-यंत्रांचे जे वर्गीकरण केले, त्यातील मंगोल, गांधार व चिनी हे तीन प्रकार अनुक्रमे या तीन रीतींशी जुळतात. तीनही रीती एकाच काळी, एकाच देशात नांदत होत्या, आणि त्यांपैकी पहिलीत सोंडेसारखे दिसावे असे काहीच नाही.

आपल्या परिसरातील साक्षही अशीच आहे. गोव्यातील काजूच्या भट्टीत भाण नावाच्या मोठ्या भांड्यात आंबलेला रस उकळतो, आणि वाफ नळीने लावणी या मातीच्या पात्रात जाते. त्या पात्रावर सतत थंड पाणी ओतीत राहतात. पहिल्या पाकाचा उराक, आणि उराकात पुन्हा रस घालून उकळल्यावर फेणी. ही रचना गांधार-प्रकाराला जवळची आहे. मात्र तिच्यावरून प्राचीनत्व सिद्ध होते असे मानू नये. काजूचे झाड पोर्तुगीजांनी ब्राझीलमधून आणलेले, त्यामुळे निदान या मद्याचे वय त्यापलीकडे जात नाही. भौगोलिक निर्देशांकाची २००९ सालची नोंदणी फेणीच्या प्रदेशाची ग्वाही देते. तंत्राच्या वयाचा निर्णय तीत नाही.

३

आता पुरातत्त्वाकडे वळू. तक्षशिलेच्या उत्खननात सापडलेल्या मृत्पात्रांच्या तुकड्यांवरून सर जॉन मार्शल यांनी १९५१ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात एक यंत्र जुळवून दाखविले. त्यांच्या मते ते पाण्याची वाफ थिजविण्याचे साधन होते. पुढे १९६३-६४ मध्ये चारसद्द्याजवळील शेखान ढेरी येथे अहमद हसन दानी यांनी उत्खनन केले. तेथे सापडलेल्या तशाच ग्राहक-पात्रांची मोठी संख्या पाहून एफ्. आर्. ॲल्चिन यांनी १९७९ साली ‘मॅन’ या नियतकालिकात असे प्रतिपादन केले, की ही मद्याच्या भट्टीचीच पात्रे असून हे स्थळ म्हणजे एक प्रकारचा मद्यनिर्मितीचा कारखाना असावा. ॲल्चिन यांच्या लेखाच्या शीर्षकात भारताला ऊर्ध्वपातनाचे प्राचीन माहेरघर म्हटले आहे. परंतु त्या शीर्षकाच्या शेवटी प्रश्नचिन्ह आहे. नंतरच्या लेखकांनी माहेरघर ठेवले आणि प्रश्नचिन्ह गाळले.

पात्रांचा अर्थ लावणे माझ्या अधिकाराबाहेरचे आहे. त्या पात्रांत खरोखर मद्य थिजविले गेले असणे अशक्य नाही, आणि पुढील विवेचनाने त्या शक्यतेला बाध येत नाही. प्रश्न एवढाच, की पात्रांच्या साक्षीला शब्दांची साक्ष दुजोरा देते असे जे म्हटले जाते, ते खरे काय ?

४

शुण्डा–शौण्डिक या व्युत्पत्तीत तीन पायऱ्या गृहीत आहेत : सोंडेवरून यंत्राची नळी, नळीवरून मद्य, मद्यावरून विक्रेता. अर्थपरिवर्तनाच्या दृष्टीने यांपैकी एकही पायरी असंभव नाही. तथापि संभव आणि घडणे यांत अंतर आहे, आणि ते अंतर प्रयोगांच्या दाखल्यांनीच भरावे लागते. अमरकोशाकडे पाहावे. तेथे शुण्डा शब्द मद्यपानाच्या संदर्भात येतो, शौण्डिक येतो. यंत्राची नळी हा अर्थ मात्र येत नाही. ज्या मधल्या पायरीवर सारा भार आहे, तीच रिकामी आहे. उलट अमराने शौण्डिकाला जोडून दिलेला दुसरा शब्द ‘मण्डहारक’ हा आहे, म्हणजे मंड काढून घेणारा. मंड ही आंबवलेल्या पदार्थावर येणारी साय अथवा निवळी. हा शब्द भट्टीकडे बोट दाखवीत नाही, आंबवण्याच्या रांजणाकडे दाखवितो.

दुसरी अडचण काळाची. पाणिनीच्या चौथ्या अध्यायाच्या तिसऱ्या पादातील ७५ व ७६ या सूत्रांत राजाच्या उत्पन्नाच्या स्थानांचा विचार आहे, आणि तेथे शुण्डिकापासून शौण्डिक हे रूप सिद्ध केले आहे. म्हणजे मद्यावरील कराची व्यवस्था जशी पाणिनीला ठाऊक होती, तसाच हा शब्दही रूढ होता. पाणिनीचा काळ इसवी सनापूर्वीच्या पाचव्या-चौथ्या शतकाच्या अलीकडे कोणी फारसा ओढीत नाही. शेखान ढेरीची पात्रे त्यानंतर काही शतकांची. तेव्हा व्युत्पत्ती खरी मानल्यास यंत्र पात्रांच्याही शतकानुशतके आधी नेऊन ठेवावे लागते, आणि त्या काळासाठी पात्रांचा दुजोरा उरत नाही. दोन पुरावे परस्परांना आधार देतात असे वाटत होते. प्रत्यक्षात पहिला दुसऱ्याला ओलांडून पुढे निघून जातो. जो पुरावा आवश्यकतेपेक्षा अधिक सिद्ध करतो, त्याच्याविषयी शंका घ्यावी.

तिसरी गोष्ट, सोंड आणि मद्य यांचा संबंध जोडावयाचाच असेल, तर त्यासाठी भट्टीची गरज नाही. तोटीचे पात्र पुरे आहे. नगर जिल्ह्यातील जोर्वे येथे १९५०-५१ मध्ये सांकलिया व देव यांनी केलेल्या उत्खननापासून ज्या मृत्पात्र-परंपरेला त्या गावाचे नाव मिळाले, तिच्यात लांब नळीसारख्या तोट्यांची पात्रे भरपूर आहेत, आणि ती इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या सहस्रकातील आहेत. त्यांतून मद्य वाढले जाई असे मी म्हणत नाही. तोटी असलेल्या पात्राला सोंडेची उपमा सुचण्यास त्यातील द्रव उकळून थिजविलेले असावे लागत नाही, एवढेच दाखवावयाचे आहे. किंबहुना सोंड-वाचक शुण्डा आणि मद्य-वाचक शुण्डा हे मुळात एकच शब्द आहेत की केवळ समोच्चारित, हेही अद्याप ठरलेले नाही. ‘द्यूतात शौण्ड’ म्हणजे द्यूतात पटाईत किंवा त्याच्या आहारी गेलेला, असा जो शौण्ड शब्द पाणिनीला अभिप्रेत आहे, त्याचा सोंडेशी संबंध लावणे तर अधिकच कठीण.

५

या वादात निर्णायक ठरावी अशी एक कसोटी आहे. ती फारशी वापरली गेलेली नाही, याचे आश्चर्य वाटते. ज्या संस्कृत ग्रंथांत ऊर्ध्वपातनाचे यंत्र निःसंशय वर्णिले आहे, तेथे नळीला काय म्हटले आहे ते पाहावे. तेराव्या-चौदाव्या शतकातील मानला जाणारा ‘रसरत्नसमुच्चय’ हा ग्रंथ पाऱ्याच्या शुद्धीकरणासाठी अनेक यंत्रे सांगतो. त्यांतील ढेकीयंत्रात मडक्याच्या गळ्याखाली छिद्र पाडून वेळूची नळी बसवावयाची असते. तिर्यक्‌पातन यंत्रात खाली झुकलेली नळी दोन पात्रे जोडते. अशा नळीसाठी तेथे योजलेला शब्द ‘नाल’ हा आहे, शुण्डा नव्हे. शुण्डा ही यंत्राच्या नळीची पाणिनिकालापासून रूढ संज्ञा असती, तर रसशास्त्रकारांनी ती टाकून नवी संज्ञा का घेतली असती ? पारिभाषिक शब्द, विशेषतः कारागिरांचे, इतक्या सहज मरत नाहीत.

दुसरा बहुचर्चित शब्द ‘परिस्रुत्’. वैदिक वाङ्मयात तो सुरेशी निगडित आहे, आणि त्यातील स्रु धातूचा अर्थ वाहणे, झरणे. यावरून काहींना ठिबकणारा अर्क आठवतो. परंतु सौत्रामणी यागाच्या विधीत सुरा गाळण्यासाठी शंभर छिद्रांची ‘शतातृण्णा’ कुंभी सांगितली आहे, आणि ‘कारोतर’ हे गाळणीचे नाव ऋग्वेदापासून आढळते. झरण्याला चाळणी पुरते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील सुराध्यक्षाचे प्रकरण (२.२५) घेतले तरी हेच दिसते. मेदक, प्रसन्ना, आसव, अरिष्ट, मैरेय, मधु अशी सहा मद्ये, त्यांची मापे, त्यांत घालावयाचे किण्व, हे सारे कौटिल्याने बारकाईने दिले आहे. मापांच्या बाबतीत इतका काटेकोर असणारा लेखक भट्टी, थंड पाणी आणि वाफ यांविषयी अवाक्षर काढीत नाही. मौनावरून अनुमान काढणे धोक्याचे असते. परंतु पाककृतीतील मौन आणि काव्यातील मौन यांचे वजन सारखे नसते.

याच प्रकरणात कुटुंबवत्सल गृहस्थाला विशेष प्रसंगी पांढरी सुरा व औषधासाठी अरिष्ट घरी करण्याची मुभा आहे. घरगुती मद्याचा हा आपल्याकडील सर्वांत जुन्या राजकीय उल्लेखांपैकी एक. पण तो घरातील रांजणाचा उल्लेख आहे, घरातील भट्टीचा नव्हे. भट्टीचा पुरावा शोधताना काळाच्या बऱ्याच अलीकडे यावे लागते. अलाउद्दीन खिलजीने (कारकीर्द १२९६–१३१६) दारूबंदी केल्यावर लोक चोरून मद्य गाळू लागले, गवताच्या व लाकडाच्या भाऱ्यांतून ते लपवून आणू लागले, आणि अखेर जो आपल्या घरात मद्य गाळून घरातच पितो, मेजवानी भरवीत नाही, त्याच्या वाटेस जाऊ नये अशी ढील सुलतानाला द्यावी लागली, असा वृत्तान्त जियाउद्दीन बरनी याने चौदाव्या शतकात लिहून ठेवला आहे. त्या फारसी शब्दांनाही हीच काटेकोर कसोटी लावली पाहिजे, हे सांगणे नलगे. जेम्स मॅक्‌ह्यू यांनी भारतीय मद्येतिहासावरील २०२१ सालच्या ग्रंथात संस्कृत वाङ्मयातील सुरेचे आंबविलेल्या पेयाचे स्वरूप विस्ताराने मांडले आहे; त्याचे वाचन या विषयाच्या अभ्यासकाने टाळू नये.

६

आतापर्यंत दुसऱ्यांच्या शब्दांचे परीक्षण झाले. आता आपल्या शब्दांकडे पाहू. कारण माझ्या मते खरा बोध तेथेच आहे. मराठीत पाणी गाळतात, चूर्ण वस्त्रगाळ करतात, आणि दारूही गाळतात. गाळणे हे ‘गलति’ या धातूच्या प्रयोजक रूपापासून आले. त्याचा मूळ अर्थ गळू देणे, ठिबकू देणे. भट्टीवर जे घडते त्यात गाळणी कोठेच नसते, तरी मराठी माणूस शतकानुशतके त्या क्रियेला गाळणेच म्हणत आला. तंत्र बदलले, क्रियापद बदलले नाही. आता कल्पना करावी, की हजार वर्षांनी मराठीचे काही तुटक अवशेष एखाद्या पंडिताच्या हाती पडले आणि त्याने ‘दारू गाळणे’ हा प्रयोग पाहिला. तो खात्रीने लिहील, की महाराष्ट्रात ऊर्ध्वपातन ठाऊक नव्हते, तेथील लोक मद्य फडक्यातून गाळीत. त्याची व्युत्पत्ती अचूक असेल आणि निष्कर्ष साफ चुकीचा. शुण्डेवरून यंत्र सिद्ध करणारा पंडित या काल्पनिक पंडिताचाच उलट्या दिशेने चालणारा भाऊ होय.

हा अपवाद नव्हे. मद्याच्या शब्दसृष्टीचा नियमच असा आहे. ‘भट्टी’ हा शब्द अग्नीच्या जागेचा, चुन्याचीही भट्टी आणि परटाचीही. ‘हातभट्टी’ने त्यात हात जोडला, नळी नव्हे. ‘दारू’ फारसीत औषध. मराठीत ती पेल्यातही आहे आणि तोफेतही. ‘अबकारी’ या महसुली शब्दाच्या पोटात ‘आब’ म्हणजे पाणी आहे. ‘फेणी’चा संबंध सामान्यतः फेसाशी जोडला जातो. ‘अर्क’ हा तर फसव्यांचा राजा : मूळ अरबीत त्याचा अर्थ घाम, भांड्याच्या पोटाला फुटलेला घाम; पण संस्कृतात सूर्यवाचक आणि रुईवाचक अर्क शब्द आधीच नांदत असल्यामुळे या परक्या पाहुण्याला जन्मजात नागरिकत्व मिळाले, आणि रावणाच्या नावावर ‘अर्कप्रकाश’ लिहिला गेला. ऊर्ध्वपातनाचे तत्त्व, म्हणजे वर जाणे आणि थिजून खाली येणे, ज्यात उघड दिसते असा बोलीतील शब्द शोधूनही सापडत नाही. सर्वांत जवळचा आहे तो ‘पहिल्या धारेची’ हा प्रयोग. आधी उतरते ते तीव्र, मागून उतरते ते सौम्य, हे भट्टीचे शास्त्र त्यात साठलेले आहे; आणि ज्यांनी भट्टी कधी पाहिली नाही तेही तो आज विनोदाबद्दल किंवा शिवीबद्दल बिनदिक्कत वापरतात.

परिभाषेनेही या गोंधळात भर घातली आहे. मराठी विज्ञानपरिभाषेत आपण ‘ऊर्ध्वपातन’ म्हणतो. तो शब्द रसशास्त्रातून, पाऱ्याच्या संस्कारांतून आला. हिंदीने या क्रियेला ‘आसवन’ म्हटले, आणि ‘ऊर्ध्वपातन’ हा शब्द आपण ज्याला संप्लवन म्हणतो त्यासाठी राखला. परंतु आसव म्हणजे तर आंबविलेले, न उकळलेले पेय. आजही वैद्याच्या द्राक्षासवाला भट्टी लागत नाही. परिणामी हिंदी परिभाषेत वाढलेला वाचक कौटिल्याचा ‘आसव’ वाचताच त्याच्या मनात यंत्र उभे राहते. शब्द विसाव्या शतकाने दिला, अर्थ त्याने इसवी सनापूर्वी नेऊन ठेवला. पुराव्याचा एक भाग अशा रीतीने अनुवादकाच्या मेजावरच तयार होतो.

७

यावरून शब्दांची साक्ष टाकाऊ आहे असे कोणी समजू नये. शब्द साक्ष देतात. पण ती वस्तूच्या जन्माची नसते, वस्तूकडे पाहणाऱ्या लोकांची असते. गाळणे या शब्दावरून यंत्राचा काळ कळत नाही. पण भट्टीवर बसणाऱ्या माणसाला आपण काही अपूर्व करीत आहोत असे वाटले नाही, जुन्या आंबवण्या-गाळण्याचीच ही पुढची पायरी त्याला वाटली, हे कळते. तंत्राच्या प्रसाराच्या इतिहासाला ही माहिती लहान नाही. ऊर्ध्वपातन आपल्याकडे गाजावाजा करून आले नसावे, ते घरातील रांजणाशेजारी मुकाट्याने येऊन बसले असावे, असे अनुमान या शब्दसृष्टीवरून करता येते. मी त्याला अनुमानच म्हणतो.

या वादाची दुसरीही एक बाजू आहे. भट्टीचे वय ठरविणे ही केवळ पांडित्याची हौस राहिलेली नाही. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यापासून आणि विशेषतः १९४९ च्या दारूबंदी कायद्यापासून घरच्या भट्टीवर बसणारा माणूस गुन्हेगार ठरला. हा गुन्हा ज्यांच्या माथी सर्वाधिक बसला, त्या मोहाची फुले वेचणाऱ्या समाजांच्या बाजूने बोलताना काही सहृदय लेखक प्राचीनत्वाचा आधार घेतात. आणि परंपरेच्या अभिमानाने बोलणारे दुसरे लेखक तोच आधार वेगळ्या हेतूने घेतात. दोघांनाही शुण्डा हवी असते. परंतु एखाद्या समाजाला न्याय मिळण्यासाठी त्याच्या मडक्याची नळी पाणिनीपर्यंत पोहोचली पाहिजे, ही अटच अन्यायाची आहे. चांगल्या पक्षाला वाईट पुरावा जोडला की तो पक्ष दुबळा होतो. कारण पुरावा कोसळतो त्या दिवशी विरोधक पक्षही कोसळला असे जाहीर करतात.

विद्यार्थ्याच्या त्या प्रबंधिकेतील परिच्छेद आम्ही दोघांनी मिळून पुन्हा लिहिला. व्युत्पत्ती ठेवली, तिच्यापुढे ‘असे सुचविले गेले आहे’ हे शब्द घातले, आणि मधल्या पायरीचा दाखला मिळत नाही हे नोंदविले. माझ्या टिपणांतील ते पानही मी तसेच सुधारून घेतले आहे. ज्यांच्याकडे त्या टिपणांच्या जुन्या प्रती असतील, त्यांनी कृपया ही दुरुस्ती करून घ्यावी.